सरड्याचा पाहुणचार

हद्दाच्या खोलीत चहा मिळत नाही, हे सफ्रू गावच्या त्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. चहा नाही, खजूर नाही, "ये, बस" नाही. आलात तर कशाला आलात ते सांगा आणि चालू लागा. बाई बावन्न वर्षांची, अंगाने काटकुळी, बोटांना सुईची भोकं, आणि जीभ अशी की त्यापेक्षा सुई परवडली. जेलाब्याच्या, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्याच्या, पुढून गळ्यापासून खालपर्यंत रेशमी गुंड्यांची रांग जाते ना, त्या गुंड्या ती करायची. उजेड आला की खिडकीशी बसायची, उजेड गेला की उठायची. मधल्या वेळात कुणी गप्पा मारायला आलं तर मान वर करायची नाही.

नावही तिला शोभेलसंच मिळालं होतं. आईबापाला पाचवी मुलगी झाली, ते वैतागले, आणि आता बास, इथे हद्द संपली म्हणून पोरीचं नाव हद्दा ठेवून मोकळे झाले. जिचं जगात असं स्वागत झालं तिने दुसऱ्यांची स्वागतं करावीत, असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं नाव तसं ठेवून बघावं.

हद्दा राहायची त्या घरात अंगणाभोवती खाली चार बिऱ्हाडं, वर दोन. दिवसा दार कुणीच लावत नाही, नुसता पडदा. दिवसाढवळ्या दार लावलं म्हणजे आत मयत तरी झालेलं असतं, नाहीतर कायमचं भांडण. त्यामुळे कुणीही कुणाचाही पडदा सारतं, कुणाच्याही भांड्यात डोकावतं, आणि ह्या नाक खुपसण्याला सगळे मिळून माया म्हणतात. ह्या मायेची सगळ्यात मोठी ठेकेदार म्हणजे खालच्या मोठ्या खोलीतली लल्ला जुबीदा. तिकडे बाईच्या नावाआधी मानाने लल्ला लावतात, पुरुषाच्या आधी सी. तिच्या तावडीत सापडलेला पाहुणा पोट फुटेपर्यंत सुटत नसे. "माझी शपथ, अजून एक घास," असं म्हणून तिने भल्याभल्यांना दवाखान्याची वाट दाखवली होती. तिचा नवरा सी मआती पंचवीस वर्षं एका शाळेच्या फाटकावर खुर्ची टाकून बसलेला. शाळेच्या आत कधी गेला नाही, पण फाटकातून जेवढी विद्या बाहेर सांडली तेवढी सगळी आपण गोळा केली, असा त्याचा पक्का समज. आणि वर, हद्दाच्या शेजारच्या खोलीत, बतूल. वय सत्तावीस, नवरा ट्रकवर, हातात फोन. फोनमध्ये तिचे तीनशे चाहते होते, आणि बतूलने कांदा चिरला तरी ते टाळ्या वाजवायचे. तीनशे रिकामटेकडे एका जागी कसे जमतात देव जाणे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी हद्दा बाजारात पुदिना घ्यायला गेली आणि सरडा घेऊन आली.

बुश्ता अत्ताराच्या टपरीवर तो होता. ह्या अत्तारांकडे जिरं, मेंदी, वाळलेल्या साळिंदराचे काटे, सगळं एका फळीवर मिळतं. आणि त्याच फळीवर तारेच्या पिंजऱ्यात रंग बदलणारा सरडा, ज्याला तिथे ताता म्हणतात. लोक तो नेऊन शेगडीत जाळतात आणि धूर अंगावर घेतात. नजर लागली, जाळा ताता. नवरा बिथरला, जाळा ताता. बुश्ता त्याला पिंजऱ्यातून काढून एकदा लाल फडक्यावर ठेवत होता, एकदा काळ्या, आणि काडीने ढोसत होता. गिऱ्हाइकं खिदळत होती. सरडा काळाठिक्कर पडला होता, तोंड वासून फुसफुसत होता. त्याचा एक डोळा बुश्ताकडे, एक आभाळाकडे.

"हा मला दे," हद्दा म्हणाली.

"कशासाठी पाहिजे, लल्ला? शत्रूसाठी, नवऱ्यासाठी की नजरेसाठी? त्याप्रमाणे सोबत मसाला देतो."

"माश्यांसाठी."

"माश्यांसाठी?" बुश्ता हसला. "अगं माश्या मारायला एवढा खर्च कशाला? फडकं घे एक."

"फडकं घेतलं असतं, पण पहिला रट्टा तुझ्या थोबाडावर बसला असता. इथे सगळ्यात जास्त माश्या तिथेच बसल्यात. बांध लवकर."

पुदिन्याच्या टोपलीत, पाल्याखाली लपवून, तिने सरडा घरी आणला. लपवून काय उपयोग? जुबीदा अंगणातच गहू निवडत बसली होती, आणि तिच्या नाकाला नवा वास लगेच लागतो.

"टोपलीत काय हलतंय गं?"

"पुदिना."

"पुदिना हलतो?"

"तू बघितलंस की हलतो. जाऊ दे मला."

पण जाऊ देईल ती जुबीदा कसली. टोपली उघडली, सरडा निघाला, आणि पाच मिनिटांत अख्खं घर अंगणात. जुबीदाने छाती बडवली. "अरे देवा, घरात आलेला जीव, आणि तुम्ही उभे काय राहिलात? दूध आणा, खजूर आणा!" तिने बुटकं मेज मधोमध मांडलं, त्यावर सरड्याला बसवलं, समोर नारिंगाच्या फुलांचं पाणी घातलेलं दूध आणि बिया काढलेला खजूर ठेवला. नवी सून यावी तसा थाट. भोवती नऊ माणसं गुडघे टेकून बसली.

"खा रे राजा, बिस्मिल्ला म्हण आणि खा," जुबीदा म्हणाली. "लाजू नकोस. आपलंच घर आहे."

सरडा अजून काळा झाला.

"काही खायचा नाही तो," सी मआती खुर्चीवरून म्हणाला. "ताता वारा खातो. पुस्तकात आहे."

"कुठल्या पुस्तकात?" हद्दाने विचारलं.

"जाडजूड आहे. तुझ्या हाताला पेलायचं नाही. त्याला दारात ठेवा, तिथे वारा खेळता असतो."

बतूलने तेवढ्यात आपला फुलाफुलांचा रुमाल सरड्याच्या पोटाखाली सरकवला आणि फोन नाकाशी धरला. "थांबा थांबा, आता ह्याच्या अंगावर फुलं उमटतील! तीनशे लोक बघतायत!" फुलं उमटली नाहीत. सरड्याने डोळे मिटून घेतले. भर दुपारी डोळे मिटणारा सरडा म्हणजे आजारी सरडा, एवढं हद्दाला कळत होतं. तिचं माहेर समुद्राकडचं. तिथे ताता अंजिराच्या झाडावर असायचा आणि माणसं झाडाखाली. कुणी त्याला पाळत नव्हतं आणि कुणी त्याला जेवायचा आग्रह करत नव्हतं, म्हणून तो जगत होता.

तिने सरडा उचलला, वर नेला. मागोमाग जुबीदा जिना चढून आलीच, धापा टाकत.

"हद्दा, एक सांगू? रागावू नको. जगला तर तुझा. पण मेला, तर मला दे. माझा इलियास दोन महिने झाले स्पेनमधून फोन करत नाही. नजर लागली माझ्या पोराला. ह्याचा धूर दिला की सुटेल. जिवंत थोडाच मागतेय मी? मी काय राक्षस आहे?"

"तुझ्या पोराला नजर नाही लागली, त्याला कान आहेत. एकदा फोन केला की तू दीड तास सोडत नाहीस."

"बोल, बोल. मेला की दे म्हणजे झालं."

ह्या एका वाक्याने हद्दाला काय आठवलं, ते जुबीदाला कळणं शक्य नव्हतं. लग्नाला चार वर्षं होऊन मूल झालं नाही तेव्हा सासूने असाच एक ताता आणला होता. जिवंत. शेगडीत टाकला, आणि हद्दाला त्या धुरावरून तीनदा जायला लावलं. तो कसा तडतडला ते तिने बघितलं होतं. त्याने एक हात शेगडीच्या काठावर ठेवला होता, माणसासारखा. हद्दा तेव्हा बावीस वर्षांची होती. गप्प राहिली आणि तीनदा गेली. मूल झालं नाही ते नाहीच, आणि नवऱ्याने पुढच्या वर्षी दुसरी आणली. एवढी वर्षं तिने त्या नवऱ्याला शिव्या घातल्या, सासूला घातल्या, पण रात्री आठवायचा तो हात. आणि आता ह्याने खाल्लं नाही तर हाही शेगडीतच जाणार, फक्त आधी मरून. एवढाच फरक.

तेव्हा त्याने खाल्लंच पाहिजे. बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

तिने खिडकीत वरच्या बाजूला, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, ऑलिव्हची एक फांदी आडवी बांधली. तिला द्राक्षाच्या वेलाचा पाला गुंडाळला, म्हणजे बुवाला आडोसा. खिडकीतलं ऊन फांदीच्या एका टोकाला पडेल, दुसरं टोक सावलीत. ऊन पाहिजे तर इकडे ये, नको तर तिकडे जा, विचारायला कुणी येणार नाही. वाटीतलं पाणी त्याला कळत नाही, म्हणून पुदिन्याची जुडी पाण्यात बुडवून ती पाल्यावर शिंपडायची. तिसऱ्या दिवशी पानाच्या टोकाला लोंबणारा एक थेंब त्याने चाटला. हद्दाने हातातली गुंडी खाली ठेवली आणि श्वास रोखून बघत राहिली. तेवढ्यात पडदा सरकला आणि जुबीदाचं डोकं आत आलं. "पाणी प्यायला? खरंच? अहो, ऐकलंत का, पाणी प्यायला!" आणि पुन्हा अख्खं घर जिन्यावर. सरडा पाल्याच्या मागे गेला आणि दिवसभर आला नाही.

नाकतोडे पकडायला ती नदीकाठी जायची. बावन्न वर्षांची बाई, जेलाबा गुडघ्यापर्यंत खोचून गवतात उड्या मारतेय, हे बघायला पुलावर गर्दी जमायची. "लल्ला, डावीकडे गेला!" एक जण ओरडला. "तुझ्या अकलेच्या मागे गेला असेल, तीही कधीपासून सापडत नाही," ती म्हणाली. पकडलेले नाकतोडे तिने रिकाम्या दुधाच्या पत्र्याच्या डब्यात घातले, मागचे पाय मोडून, म्हणजे उडून पळणार नाहीत पण हलत राहतील. न हलणारं त्याला अन्न वाटतच नाही. डबा तारेने फांदीला, सरड्याच्या नाकासमोर टांगला. सगळं तिने बरोबर केलं. तरी सरडा खाईना. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला. कातडी बरगड्यांवर सैल पडली, डोळ्यांचे घुमट आत जायला लागले. खालून जुबीदा रोज विचारायची, "कसा आहे?" आणि तिच्या आवाजात काळजी किती आणि आशा किती, हे ती स्वतःही सांगू शकली नसती.

मंगळवारी हद्दाला तयार गुंड्या व्यापाऱ्याकडे पोचवायच्या होत्या. तासाभराचं काम. परत आली तेव्हा जिन्याच्या पायथ्याशीच तिला हसण्याचा आवाज ऐकू आला.

सरडा अंगणात, मेजावर. दारात, वाऱ्याच्या झोतात. मआतीची सोय. बतूल आडवी पडून फोन धरलेली. आणि जुबीदा डाव्या हाताने सरड्याची मान धरून उजव्या हाताच्या बोटाने त्याच्या तोंडात मध घालत होती. ओठांवर, नाकपुड्यांवर, सगळीकडे मध. सरडा लाकडासारखा ताठ.

"बघ, बघ, चाटतोय!" जुबीदा म्हणाली. "तुला जमलं नाही, मी तासात खायला घातलं!"

हद्दाने आधी सरडा सोडवला. जेलाब्याची बाही ओली करून नाकपुड्या पुसल्या. मग वर बघितलं.

"तो चाटत नाहीये, गुदमरतोय. तुला फरक कळत नाही, कारण तुझ्या घरी आलेले सगळे असेच दिसतात. तोंडात घास, डोळ्यांत पाणी. पोरगा स्पेनला कामाला नाही गेला जुबीदा, जेवणातून उठून पळाला."

मग ती खुर्चीकडे वळली.

"आणि तुम्ही, सी मआती. वारा खाऊन जगणारा प्राणी ह्या घरात एकच आहे, आणि त्याच्या बायकोला रोज तीनदा रांधावं लागतं."

"तोंड सांभाळ," मआती खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला. त्याचं सगळं आयुष्य तेवढंच.

"हद्दाखाला, मी फक्त..." बतूल म्हणाली.

"तू फक्त फोन. तुझ्या तीनशे जणांना सांग, आज एक जीव मरताना बघायला मिळणार होता, तो चुकला. कांदा चीर त्यांच्यासाठी."

ती वर गेली. पडदा बाजूला केला. आणि त्या घरात कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. भर दिवसा दार लावलं, आतून कडी घातली. कडीचा आवाज खालपर्यंत गेला. जुबीदाने मधाचं बोट तसंच हवेत धरलं होतं.

"दार लावलं," ती कुजबुजली. "आपल्यावर."

बुधवारी कुणी हद्दाशी बोललं नाही. नळावर गेली तर बायका बाजूला सरकल्या, पाणी भरून आली तर मागे कुजबुज. तिला त्याचं काही नाही. पण दार लावूनही सरडा खात नव्हता, आणि हे मात्र तिला सोसवेना. आता कुणीही येत नव्हतं, फोन नव्हता, वारा नव्हता, मध नव्हता. मग आता काय अडलंय? गुरुवारभर ती फांदीसमोर बसून होती. गुंडी हातात, सुई तशीच. सरड्याने एक पाय उचलला की तिचा श्वास अडकायचा. त्याचा डोळा डब्याकडे वळला की ती पुढे झुकायची. "खा ना रे," ती पुटपुटायची. "हलतोय बघ, ताजा आहे. खा, गाढवा."

शुक्रवारी दुपारी, अजान होऊन गेल्यावर, हे शब्द तिच्या स्वतःच्या कानावर पडले आणि ती थिजली. खा ना, खा. अगदी जुबीदाचा सूर.

लग्न होऊन ती ह्या गावात आली तेव्हा पहिले सात दिवस सासरच्या बायका तिच्याभोवती अशाच गोल बसल्या होत्या. घास उचलला की नऊ जणींचे डोळे तिच्या तोंडावर. किती मोठा घेते, कशी चावते, नखं कशी आहेत. "खा गं, लाजू नको." तिच्या घशाखाली काही उतरेना. आठव्या दिवशी सगळ्या हमामला न्हायला गेल्या, घर रिकामं झालं, आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शिळी भाकरी तेलात बुडवून अशी तुटून पडली होती की बोटं चावली.

"अक्कलशून्य बाई," हद्दा स्वतःला म्हणाली. शिवी तिने पहिल्यांदाच योग्य पत्त्यावर पाठवली होती. "त्या निदान उठून हमामला तरी गेल्या. तू तर हलतही नाहीस."

तिने बसायची उशी उचलली, फिरवली, आणि फांदीकडे पाठ करून बसली. उजेड आता मागून येत होता, हातावर तिचीच सावली पडत होती, सुईचं टोक दिसत नव्हतं. तरी ती गुंडी करत राहिली. वाकडी झाली. उसवली, पुन्हा केली. मान वळवायची इच्छा इतकी झाली की तिने जीभ दाताखाली धरली. तुला तो नसल्यासारखा आहे, तिने मनाला बजावलं. नाही तो तिथे. कुणी नाही.

जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेका पायरीवर थांबणारी. मग दारावर टकटक.

"हद्दा." जुबीदा. "कुसकुस आणलंय. शुक्रवार आहे."

हद्दाने सुई पुढच्या टाक्यात घातली.

"सात भाज्या घातल्यात. तू काय बोललीस ते मी विसरले नाही, आणि विसरणारही नाही. पण शुक्रवारी ह्या घरात कुणी उपाशी राहत नाही. उघड."

हद्दाला पाठीवर ऊन जाणवत होतं.

"आणि तो... तो गेला का गं? गेला असेल तर सांग. धूर-बिर राहू दे. नुसतं सांग."

आणि तेव्हा तिच्या मागे पत्र्यावर टक् झालं.

एकच आवाज. ओली जीभ डब्याच्या तळाला आपटल्याचा. त्याच्यामागून कुरकुर, बारीक, सावकाश, कुणी भाजलेले चणे फोडावेत तशी. हद्दाची सुई अंगठ्यात गेली, रक्त आलं, ते तिने गुंडीला लागू दिलं नाही. वळली नाही. कुरकुर थांबली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

"अगं काय वाजलं?" जुबीदाचा आवाज दाराच्या फटीला चिकटला. "खाल्लं त्याने? हद्दा, खाल्लं? उघड ना, एकदाच बघते, लांबूनच बघते! मआती, अहो, वर या, खाल्लं वाटतं त्याने!"

"ओरडू नको!" हद्दा दबक्या आवाजात, दाराकडे तोंड करून म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "एक शब्द बोलू नको. कुणाला बोलावू नको."

"मग ह्या ताटाचं काय करू?"

"उंबऱ्याशी ठेव आणि खाली जा."

"आणि तू? तू जेवशील का?"

"तू गेलीस की जेवेन."

बाहेर ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. पण पावलं काही खाली जाईनात. जुबीदा तिथेच उभी होती, दाराला कान लावून, श्वास दाबून. आत हद्दा पाठ फिरवून बसली होती. तिच्या मागे फांदीवर तिसऱ्या नाकतोड्याची कुरकुर चालली होती.

"जुबीदा," हद्दा म्हणाली, "मला तुझा श्वास ऐकू येतोय."

एक पायरी वाजली. मग दुसरी.